कोपरापर्यंतच्या बाह्या

"बोलू नको वं. तोंडातून अक्षर काहाडू नको. अन् मान बी हालवू नको. मान हालवली म्हंजे बोललीच समज."

हे माझ्या आईचं, कुहीच्या रुखमाबाईचं बोलणं. आई जाऊन अकरा वर्षं झाली, तरी रोज सकाळी अंघोळीचा शेवटचा तांब्या डोक्यावरून ओघळला की ते माझ्या कानाशी येऊन उभं राहतं, आणि तिथून पोथीचा अध्याय संपेपर्यंत मी मुकी असते. दूधवाला दूध मापून जातो, मी मुकी. ह्यांचा एक पायमोजा सापडत नाही, हे घरभर त्याला शोधत मलाच हाका मारतात, आणि तो मोजा माझ्या डोळ्यांसमोर खुर्चीखाली पडलेला असतो, तरी मी मुकी. बोटही दाखवत नाही, कारण आईच्या हिशेबात बोट दाखवणं हे मान हलवण्याच्याही पुढचं पाप असणार. एरवीसुद्धा माझा आवाज असा की भाजीवाली म्हणते, बाई, अर्धा पाव म्हटलं का पावशेर, जरा मोठ्यानं सांगा. सोमवार, एकादशी, चातुर्मासात वांगं सोडणं, शीतला सप्तमीला चूल न पेटवणं, ही माझी बाकीची व्रतं. मिरवायचं म्हणून सांगत नाही. सांगते ते अशासाठी की त्या गुरुवारी, वैशाखातल्या उन्हात, धरमपेठेतल्या आमच्या शेजारच्या ओट्यावर यमुताईंनी मला जे म्हटलं, त्याला माझ्याजवळ बोलून उत्तर नव्हतं आणि गप्प राहूनही नव्हतं.

"आता तुझा दाखव," यमुताई म्हणाल्या.

यमुताई म्हणजे शेजारच्या सुहासिनीच्या आतेसासूबाई. सीताबर्डीहून सायकलरिक्षा करून, डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर धरून त्या बाळाला बघायला आल्या होत्या, आणि मी त्यांना दारातच अडवलं होतं. अडवलं म्हणजे काय, मी अडवलं आहे हे त्यांच्या लक्षात यायलाच थोडा वेळ गेला. सुहासिनीचं बाळ सातव्या महिन्यातच जन्मलेलं. पळीएवढं तोंड, काडीएवढे पाय, कापसात गुंडाळून ठेवलेलं. तिचा नवरा भोपाळला नोकरीवर, माहेर सोलापूरला, म्हणून पहिल्या दिवसापासून बाळाला तेल लावायचं आणि अंघोळ घालायची ती मीच. माझे हात म्हणे मऊ आहेत. त्यात नाल्यापलीकडच्या झोपड्यांत बाहेरगावाहून आलेल्या एका मजुराच्या अंगावर देवी उठल्या, आणि दोन दिवसांत चंपतराव देवी-डॉक्टर खाकी पिशवी घेऊन घरोघर टोचत फिरायला लागले. बाळाला ते आत्ता टोचणार नव्हते. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, जरा बाळसं धरू दे, महिन्या-दीड महिन्यानं बघू. चंपतरावांनी सुहासिनीला ओट्यावर उभं राहून समजावलं ते मी भिंतीपलीकडून ऐकलं होतं. "हे पोरगं इवलंसं. याले टोचता येत नाही, मंग काय कराचं? याच्या भवतालच्या माणसायले टोचाचं. तुम्ही सगळे म्हंजे कुंपण समजा ना बाई. कुंपणातला एक खुंट निघाला का ढोर आत आलंच." त्याच संध्याकाळी सुहासिनीनं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, काकू, मला वचन द्या. ज्याला टोचलेलं नाही त्याचा हात हिला लागू द्यायचा नाही. मी झोपलेली असले तरी तुम्ही बघायचं. आणि मी म्हटलं, दिलं. मौनाची वेळ नव्हती. चांगलं तोंड उघडून, आवाज काढून म्हटलं.

ते वचन मी अगदी एखाद्या व्रतासारखं धरलं. तिच्या दारात पाट टाकून बसायची, हातात जपमाळ, आणि येईल त्याला हळूच म्हणायची, दंड दाखवता का जरा? पोस्टमननं दाखवला. बोहारीण म्हणाली, मले का आत याचं आहे, पातेली तं बाहेरूनच देते, तरी तिनंही दाखवला. कोपऱ्यावरच्या मास्तरांची बायको शालीनतेनं पदराआडून एक बोटभर व्रण दाखवून गेली. तीन दिवसांत मी गल्लीतले इतके उघडे दंड बघितले की जप करताना मण्यांच्या जागी मला व्रण दिसायला लागले. कुणाचा चवलीएवढा, कुणाचा वाटाण्याएवढा, कुणाचे दोन जोडीनं. मला त्यात एक प्रकारचा मान वाटत होता, हे कबूल करते. देवळाच्या दारावर उभ्या असलेल्या जय-विजयांना काय वाटत असेल ते मला कळायला लागलं होतं. आणि यमुताईंनी आधी कपाळाला हात लावला, मग "मले दंड दाखव म्हणते! सुहासिनीच्या नवऱ्याचं ढुंगण म्या धुतलं आहे" असं काहीतरी गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणाल्या, मग लाडवांचा डबा ओट्यावर आपटून पोलक्याची बाही खांद्यापर्यंत खेचून एक रुपयाएवढा व्रण माझ्या नाकासमोर धरला. "हे घे. लहानपणचा आहे. मोजून घे. आता तुझा दाखव."

माझ्या बाह्या कोपरापर्यंत असतात. नागपूरच्या वैशाखात, जेव्हा खसच्या ताटीवर पाणी मारून मारून माणसाचा जीव जातो, तेव्हाही कोपरापर्यंत. बायका म्हणतात, गोपिकाबाई जुन्या वळणाच्या, सात्त्विक. शिंपी दरवेळी विचारतो, बाई, अजून चार बोटं वर घेऊ? मी नको म्हणते, आणि तोही मनात हात जोडत असावा. कुणाला ठाऊक नाही की त्या बाहीखाली काही नाही. म्हणजे खरोखरच काही नाही. साफ, गुळगुळीत, कोरा दंड. माझ्या वयाच्या सगळ्या बायकांच्या अंगावर जी खूण आहे ती माझ्या अंगावर नाही, आणि नसलेली खूण झाकायला मी वीस वर्षं दर पोलक्यामागे वीतभर कापड जास्त घेते आहे.

"माझी पोळी करपते," मी म्हटलं, आणि उठले. इतकं हळू म्हटलं की देवाच्या कानापर्यंत गेलं नसेल अशी एक आशा वाटली. तव्यावर पोळी नव्हती. तवासुद्धा चुलीवर नव्हता. यमुताई मागून म्हणाल्या, "जा वं जा, करपलेली तूच खा," आणि मी आमच्या दाराशी पोचले, तर चौकटीवर चंपतरावांनी खडूनं लिहिलेलं ते होतंच. २/२. वर टोचलेली माणसं दोन, खाली घरातली दोन.

ते खोटं दहा दिवसांपूर्वीचं. चंपतराव आले तेव्हा मी देवासमोर बसले होते, अध्याय अर्धा झाला होता. ते दारातूनच म्हणाले, बाई, घरात किती माणसं? मी काही बोलले नाही. त्यांनी पाटावरची मी आणि खुंटीवरचा ह्यांचा कोट बघून आपणच ठरवलं, दोन. साहेबायचं कचेरीत झालं, त्याहिची चिठ्ठी पाहिली म्या. तुमचं झालं का? आणि माझी मान हलली. मी ह्या हलण्याची किती कारणं शोधली! जप चालू होता, जपाच्या तालावर मान हलतेच. माशी बसली होती. आदल्या दिवशी चिंचेचं पोतं उचललं म्हणून मानेत लचक होती. पण चंपतरावांनी "शाबास बाई" म्हटलं तेव्हा माझ्या मानेला बरं वाटलं, हे मला ठाऊक आहे. माशीला कोणी शाबास म्हणत नाही. आणि जाता जाता ते देव्हाऱ्याला नमस्कार करून, कुणी विचारलं नसताना म्हणाले, "लोक म्हंते, देवी कोपते. बाई, म्या चौदा वर्षांत किती हजार लोकायले टोचलं त्याची गिनती नाही, अन् दर नवरात्रात कोराडीले जातो. देवी मले अजून काही बोलली नाही." ते गेल्यावर मी अध्याय पुन्हा पहिल्यापासून वाचला, तरी कुठल्याही ओळीत त्या मानेसाठी जागा सापडली नाही.

ह्यांना तो आकडा संध्याकाळीच दिसला होता. माझे यजमान वामनराव एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क; आकडा चुकलेला त्यांना शंभर पावलांवरून दिसतो. "काहून वं," बूट काढता काढता म्हणाले, "आपल्या घरात दोघांले टोचलं? एक मी. दुसरा कोन? बाळकृष्ण?" मी म्हटलं, देवाची थट्टा करू नये. "मी थट्टा कुठी करून राहिलो? त्यायचा दंड पितळेचा, सुई मोडली असन एखाद्या वेळी." मग चहाची बशी तोंडाला लावून, माझ्याकडे न बघता, "तुह्या दंडावर काही नाही हे मले लग्नाच्या पहिल्या हप्त्यात समजलं होतं. मी म्हटलं, बाई स्वतःहून सांगन तवा सांगन. आता बावीस वर्षं झाले." मी म्हटलं, अहो, माझं अंग, माझं व्रत. मी कुणाच्या जिवाला त्रास देते का? ह्यावर त्यांनी बशीत फुंकर मारली. "सप्तमीले शिळी भाजी कोन खाते? मी. तू मौनात असते तवा दूधवाल्याशी भांडते कोन? मी. चतुर्मासात वांगं तू सोडलं, अन् भरली वांगी चार महिने दिसत नाही कोनाले? मले. तुहं व्रत माह्या पोटापर्यंत येते, गोपिका. मंग तुह्या अंगातली गोष्ट भिंत ओलांडून त्या कापसातल्या पोरीपर्यंत नाही जाणार, हे तू कोन्या पोथीत वाचलं?" त्यांना वाटलं मी रागावले. मी रागावले नव्हते. मला भरली वांगी आठवत होती.

त्या गुरुवारी करपणारी पोळी नसलेल्या स्वयंपाकघरात मी बराच वेळ उभी राहिले. ताटीवरून पाणी टपटपत होतं. पलीकडे यमुताई सुहासिनीला सांगत होत्या की तुझी शेजारीण जरा जास्तच करते. आणि मला, कशावरून कोण जाणे, तुरीचा वास यायला लागला. कोरडा, धुळकट, नाकात जाऊन बसणारा, शिंक येईल येईल म्हणून न येणारा वास. डबा उघडा नव्हता. तूर घरात होती, पण डाळ झालेली. हा वास अख्ख्या तुरीचा होता, ढिगानं भरलेल्या तुरीचा, ज्यात आपण गुडघ्यापर्यंत रुतलेले आहोत आणि वरून झाकण पडलं आहे.

मी सात वर्षांची होते. गावात टोचणारा साहेब आला होता, पाटलाच्या बैलगाडीतून, आणि थोरला भाऊ रुपराव चिंचेवर चढून बसला असताना खाली उतरवून त्याला टोचलं होतं. तो दोन दिवस तापानं फणफणला आणि सगळ्यांना सांगत सुटला की सुई हातभर लांब होती. आईनं ऐकलं. आईच्या तोंडावर देवीचे व्रण होते, गाल सगळे टिचलेल्या खापरासारखे, पण ती ते अंगाऱ्यासारखे मिरवायची. माय येऊन गेली, हात फिरवून गेली म्हणायची. सुईनं देवीला अडवणं म्हणजे घरी आलेल्या पाहुणीच्या तोंडावर दार लावणं. तिनं मला आणि धाकट्या बहिणीला, भागीरथाला, उचलून तुरीच्या कणगीत ठेवलं, वरून सूप झाकलं, आणि सुपाच्या फटीतून तिचा आवाज आला. बोलू नको वं. तोंडातून अक्षर काहाडू नको. अन् मान बी हालवू नको.

मान हलवली की तूर वाजायची. इतकंच होतं ते.

चुलीजवळ उभी असलेली मी खाली बसले. बावीस वर्षं संसाराची आणि त्याआधीची कितीतरी, मी सकाळी सकाळी मान ताठ धरून बसते, ह्यांचा मोजा दिसत असून दाखवत नाही, आणि ह्याला शास्त्र समजते. आणि त्या शास्त्राच्या तळाशी कणगीभर तूर. मला हसू आलं. एकटीच, चुलीसमोर, तोंडावर पदर धरून मी हसले, इतकी की डोळ्यांतून पाणी आलं. आणि मग ते पाणी थांबेना, कारण कणगीत भागीरथालाही हसू येत होतं. चार वर्षांची पोर. तिला तो खेळ वाटला होता. तूर तिच्या परकरात शिरत होती, गुदगुल्या होत होत्या, आणि बाहेर साहेब विचारत होता, पोरी कुठं गेल्या? मी शहाणी होते. मी तिच्या तोंडावर हात घट्ट दाबून धरला. माझे हात तेव्हापासूनच मऊ असतील. साहेब गेला. आईनं आम्हाला बाहेर काढलं, मला जवळ घेतलं, म्हणाली, शहाणी वं माही बाई. त्याच माघात भागीरथाच्या अंगावर देवी आल्या, आणि त्या हात फिरवून गेल्या नाहीत, तिला घेऊनच गेल्या. मला का सोडलं ते मी पुष्कळदा विचारलं आहे, देव्हाऱ्यात. आईनं कणगीचं नाव पुढे कधी काढलं नाही. ती कणगी विकली. आणि सकाळचं मौन धरलं. आधी तिनं धरलं, आणि मग मला धरायला लावलं. तिचं व्रत कुणासाठी होतं ते मला कधी विचारावंसं वाटलं नाही, आणि त्या गुरुवारी विचारायला ती नव्हती.

संध्याकाळी यमुताईंची रिक्षा अजून यायची होती, तेव्हाच मी शेजारी गेले. थांबले असते तर गेले नसते. सुहासिनी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, तेलाची वाटी माझ्यासाठी कोमट करून ठेवलेली. मी उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिले आणि म्हटलं, सुहासिनी, मला टोचलेलं नाही.

"काय काकू?"

मी म्हटलं, मला टोचलेलं नाही.

"ऐकू नाही आलं. पंखा वाजतोय. काय टोचलं?"

देवानं मला हा आवाज कशासाठी दिला होता ते त्या क्षणी कळलं. आतून यमुताई म्हणाल्या, "थांब वं, पंखा बंद करते," आणि पंखा फरफरत थांबला, आणि त्या शांततेत, आयुष्यात पहिल्यांदा, मी ओरडले. "मला टोचलेलं नाही! कधीच टोचलेलं नाही! पहिल्या दिवसापासून मी हिला तेल लावते आहे!" समोरच्या घराची खिडकी उघडली. बोहारणीनं बोचकं खाली ठेवलं. मास्तरांची बायको ओट्यावर येऊन उभी राहिली, आणि तिनं आपोआपच पदर आपल्या दंडावर ओढून घेतला, जसं काही आता पुन्हा तपासणी होणार.

सुहासिनीनं बाळाला छातीशी घेतलं, एका हातानं त्याचे पाय चाचपले, कपाळ चाचपलं, पाठ चाचपली. मी बघत राहिले. त्या चाचपण्याइतकी मोठी शिक्षा मला कुणी दिली नसती. मग ती उठली, तेलाची वाटी तिनं कोनाड्यात ठेवली आणि तिच्यावर झाकण ठेवलं.

"तुम्ही वचन दिलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मग पाळा. कोणाचाही हात लागू द्यायचा नाही, तुमचाही." ती रडली नाही, शाळेत मास्तरीण होती ती. "टोचून घ्या. चंपतराव सांगत होते, टोचल्यावरही खपली पडेपर्यंत बाळापासून लांब राहायचं. तीन आठवडे लागतील. तोवर अंघोळ मी घालीन." आणि मी पायऱ्या उतरायला लागले तेव्हा मागून, "खपली पडली की या मात्र. हिला माझ्या हाताची अंघोळ आवडत नाही. फार रडते."

"येईन," मी म्हटलं. ते तिला पहिल्या वेळीच ऐकू गेलं.

यमुताई दाराशी आल्या होत्या. मला वाटलं आता ऐकावं लागणार. त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, एक लाडू माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "खाय. टोचल्यावर ताप येते. पोटात काही पाह्यजे." मग माझी बाही दोन बोटांत धरून कापड पारखलं. "अन् एवढ्या गर्मीत हे कायले घालून राहिली होती वं? मले वाटे अंगावर कोड आहे."

घरी येऊन मी ओलं फडकं घेतलं आणि चौकटीवरचा वरचा दोन पुसला. खालचा राहू दिला. माणसं दोनच होती. ह्यांनी कचेरीतून येऊन ते बघितलं, चष्मा वर करून बघितलं. जेवताना फक्त, "चंपतराव सकाळी म्युन्सिपालटीच्या शाळेत बसते. लिंबाखाली. सहा वाजतापासून," असं आमटीकडे बघत सांगितलं, जसं काही आमटीनं विचारलं होतं.

सकाळी शेवटचा तांब्या डोक्यावरून ओघळला आणि आई आली. बोलू नको वं. मी बोलले नाही. पोथी कपड्यात गुंडाळलेली तशीच ठेवली. अध्याय आल्यावर वाचेन म्हणून देवाला सांगितलंही नाही, कारण तेही बोलणंच. पेटीच्या तळातून एक जुनं पोलकं काढलं, लग्नातलं, चार बोटं बाहीचं. ते मला आता हाताला होईना, म्हणून नेहमीचंच घातलं. हे जागे होते, डोळे मिटून पडले होते, आणि मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "मोजा सापडून नाही राहिला वं." मी खुर्चीखालचा मोजा उचलून त्यांच्या उशाशी ठेवला. शेजारी बाळ रडत होतं, आणि त्या रडण्यात पाण्याचा आवाज होता. मी थोडी थांबले, मग थांबले नाही. चंपतराव विचारतील, बाई, टोचाचं का? बोलता येणार नाही आणि मान हलवता येणार नाही. कडी लावली, चपला पायात सरकवल्या, आणि गल्लीतून चालता चालता उजव्या हातानं डावी बाही वर दुमडायला लागले, एक घडी, दोन घड्या, कापड घट्ट होतं, चालतं, वेळ होता, शाळा अजून लांब होती.